शोकग्रस्त मूल आणि शिक्षक

१९ जुलै २०२३ च्या रात्री पनवेलच्या शेजारील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले; ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. आश्रमशाळेत राहत असल्यामुळे काही मुले वाचली. परंतु घरची माणसे त्यांनी गमावली.

ज्या मुलास आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घडत नाही, ते वाट पाहत राहते. अशा वेळी वडीलधारी माणसे दयेपोटी “बाबा गावाला गेले”, “आजी झोपली आहे” असे सांगतात. पहिल्या उत्तराने मूल एस. टी. च्या थांब्याकडे डोळे लावून बसते. दुसऱ्याने ते स्वतः झोपावयास भिऊ लागते. सुमारे सहा वर्षांपर्यंतच्या मुलास मृत्यू कायमचा असतो हे नीटसे उमगत नाही. म्हणून तेच ते प्रश्न ते पुनःपुन्हा विचारते. प्रत्येक वेळी शांतपणे खरे तेच सांगावे : “बाबा वारले. ते परत येणार नाहीत. यात तुझा काही दोष नाही.” शेवटचे वाक्य विसरू नये, आपल्या हट्टामुळेच हे घडले, असे अनेक मुलांना वाटत असते.

शाळेत पुढील गोष्टी कराव्यात :

१. मूल परत येण्यापूर्वी वर्गास कल्पना द्यावी. मुंडन केलेल्या डोक्याकडे पाहून कोणी हसू नये.

२. त्याची बसण्याची जागा, हजेरी व नेमून दिलेले काम पूर्ववत् ठेवावे. नेहमीचा क्रम हाच त्यास आधार होय.

३. ‘माझी आई’ हा निबंध देताना आधी त्यास एकीकडे विचारावे. लिहावयाचे असल्यास लिहू द्यावे. नसल्यास दुसरा विषय द्यावा.

४. रडू आल्यास थोपवू नये. खेळताना हसल्यास “याला दुःखच नाही” असे म्हणू नये. मुलांचे दुःख सरींसारखे येते व जाते.

कित्येक आठवडे मूल जेवत, झोपत वा बोलत नसेल, तर पालकांस सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. “मलाही बाबांकडे जायचे आहे” असे ते म्हणाल्यास मात्र त्याच दिवशी न्यावे व तोवर त्यास एकटे सोडू नये.

वर्षश्राद्धाचा दिवस आणि पहिला मोठा पाऊस शिक्षकाने ध्यानात ठेवावा. त्या दिवशी त्या मुलाजवळ जाऊन बसावे.