व्हॉल्व्ह आणि चिप जोडताना

बाळा, व्हॉल्व्ह आणि चिप एकाच अॅम्प्लिफायरच्या पेटीत नांदवायचे ठरवलेस, तर सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी कागदावर एक हिशेब मांड. एलएम ३८८६ ही चिप अधिक-उणे २८ व्होल्टच्या सप्लायवर ८ ओहमच्या स्पीकरला ३८ वॅट देते. तेव्हा स्पीकरवर साधारण साडेसतरा व्होल्ट असतात. ही चिप दहापटीपेक्षा कमी गेनवर ठेवली तर बिथरते, म्हणून आपण ती एकवीसपटीवर ठेवतो. म्हणजे तिच्या तोंडाशी पाऊण-एक व्होल्ट आला की ती पोटभर वाजली! सीडी प्लेअर तर एकटाच दोन व्होल्ट देतो. मग व्हॉल्व्हने आणखी वाढवायचे कशाला?

म्हणून ईसीसी ८३ च्या मागे लागू नकोस. तिचा गुणक १००, तो इथे नुसता त्रास. ईसीसी ८२ घे, गुणक १७. एका बाटलीत दोन ट्रायोड असतात, डावा-उजवा दोन्ही चॅनल भागतात. कॅथोड फॉलोअर केलास तर गेन एकाहून किंचित कमी राहतो आणि पुढच्या चिपला हा व्हॉल्व्ह आरामात चालवतो. व्हॉल्व्हचा गोडवा ठळक हवा असेल, तर त्याच ट्रायोडला बारा-चौदापट वाढवू दे आणि पुढे दोन रेझिस्टर लावून तेवढे तोड. तेही चालते, मी केलेले आहे.

बाजारात बारा व्होल्टवर व्हॉल्व्ह चालवणारे बोर्ड मिळतात, खाली निळा एलईडी लावलेले. त्यात व्हॉल्व्ह उपाशी असतो. त्याला दीडशे-दोनशे व्होल्ट दे. त्यासाठी खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायची गरज नाही. २३० ते १२ व्होल्टचे दोन साधे ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत कुठेही मिळतील. पहिल्याच्या बारा व्होल्टवर व्हॉल्व्हचा हीटर पेटव (पिन ४ आणि ५), आणि तेच बारा व्होल्ट दुसऱ्याला उलटे जोड. त्याच्या २३० च्या बाजूला दोनशेच्या आसपास एसी मिळते. रेक्टिफाय केलेस की अडीचशेच्या वर जाईल, रेझिस्टर-कपॅसिटरने खाली आण.

हे व्होल्टेज जीव घेते. फिल्टरच्या १०० मायक्रोफॅरडवर २२० किलोओहम, १ वॅटचा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लाव. तरी मेन्स काढल्यावर दोन मिनिटे थांब, मल्टिमीटर लावून बघ आणि मगच हात घाल. तोही एकच हात, दुसरा खिशात.

आता सगळ्यात नाजूक जागा, दोघांमधला कपलिंग कपॅसिटर. १ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन. पुढे चिपचा रेझिस्टर २२ किलोओहम असेल, तर खाली सात हर्ट्झपर्यंतचा आवाज पार होतो, पुष्कळ झाले. पण पेटी चालू केलीस की कॅथोड शून्यावरून ऐंशी-शंभर व्होल्टवर चढतो. हीटर थंड असताना तो सावकाश चढतो, स्पीकरचा कोन जरासा पुढे सरकेल एवढेच. खरी भीती वीज जाऊन लगेच येते त्याची. आपल्याकडे ते नेहमीचेच. हीटर अजून तापलेला असतो, हाय टेन्शन एकदम येते, कॅथोड उसळी मारतो आणि तो धक्का कपॅसिटरमधून थेट चिपच्या पिनवर आदळतो. म्हणून चिपच्या आधी १ किलोओहम आणि त्याच्यापुढे जमिनीशी ५.१ व्होल्टचे दोन झेनर, तोंडाला तोंड लावून. स्पीकरच्या वाटेत ४५ सेकंदांचा डिले रिले ठेव. रिलेच्या सप्लायला कपॅसिटर लहानच घे, म्हणजे वीज जाताच तो सुटेल आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजेल. मोठा लावलास तर वीज परत येईपर्यंत रिले धरूनच राहतो, मग त्याचा उपयोग काय?

चिपच्या पाठीवरची धातूची पट्टी उणे सप्लायला जोडलेली असते. मायका आणि पेस्ट लावल्याशिवाय हीटसिंकला टेकवू नकोस, आणि स्क्रू आवळल्यावर मीटरने तपास. नावात टीएफ असलेली चिप मिळाली तर ती आतूनच झाकलेली असते.

अर्थिंग सगळे एका बिंदूवर आण, फिल्टर कपॅसिटरच्या जमिनीशी जोडलेल्या टोकापासून थोडे पुढे, रेक्टिफायरचा झटका जिथे पोचत नाही तिथे. पहिल्यांदा वाजवताना स्पीकर न लावता चिपच्या आउटपुटवर डीसी बघ. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोड, आणि पहिले दोन तास जुनाच जोड.