पाठ १८ : नाण्यावरची अक्षरं दोनदा का दिसतात?

वाचण्यापूर्वी
घरात जुन्या पेनींची बरणी असेल तर ती जवळ घेऊन बसा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टेबलावरचा दिवा लागेल. नाणं नेहमी कडेला धरा, चेहऱ्यावर बोट लावू नका.

पाठ
समजा, सुट्ट्या पैशांत तुम्हाला १९६९ सालची एक पेनी सापडली. सालाखाली ‘एस’ हे छोटं अक्षर आहे, म्हणजे ती सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतली. भिंगातून पाहिलं तर सालाचे आकडे दोनदा उमटल्यासारखे दिसतात. तुम्ही शोधता आणि कळतं, की अशा काही पेनींना हजारो डॉलर मिळाले आहेत. छातीत धडधडायला लागतं!

जरा थांबा. अक्षर दुहेरी दिसतंय, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते दुहेरी कधी झालं, हे शोधायचं आहे.

चूक कुठे होते?
नाणं दोन पोलादी ठशांमध्ये दाबून तयार होतं. या ठशाला ‘डाय’ म्हणतात. डायवर अक्षरं उलटी आणि खोलगट कोरलेली असतात, म्हणून नाण्यावर ती सुलटी आणि उठावाची येतात. पण डायवर ती अक्षरं येतात कशी? त्यासाठी आणखी एक पोलादी ठसा असतो, त्याचं नाव ‘हब’. हब प्रचंड जोराने डायमध्ये दाबतात.

त्या काळी एकदा दाबून चित्र पुरेसं खोल उमटत नसे. मग डाय तापवून मऊ करायची आणि हब पुन्हा दाबायचा. दुसऱ्या वेळी डाय केसभर जरी फिरली, तरी अक्षरं तिच्यावर दोनदा कोरली जात. हीच खरी ‘डबल डाय’. चूक ठशातच असल्यामुळे त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच दिसते.

दुसरा प्रकार वेगळा आहे. इथे डाय चांगलीच असते, पण यंत्रात थोडी सैल बसलेली असते. ठोका पडताना ती किंचित सरकते आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड चेपते. याला ‘यांत्रिक दुहेरीपणा’ म्हणतात. अशी नाणी भरपूर सापडतात आणि त्यांना सहसा जास्तीची किंमत मिळत नाही.

मोदकाचा साचा आठवा. साच्यातच एक रेघ जास्त असेल, तर प्रत्येक मोदकावर ती रेघ येणार. पण साचा ठीक असून मोदक काढताना हात हलला, तर त्या मोदकाची पाकळी नुसती चेपते.

चार कसोट्या
दिवा एका बाजूला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवत पाहा.

१. दुसरी आकृती कशी आहे? खऱ्या डबल डायमध्ये ती पहिलीसारखीच गोलसर आणि उठावाची असते. यांत्रिक प्रकारात अक्षराच्या बाजूला एक सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि ती अक्षरापेक्षा खाली असते.

२. अक्षर जाड झालं की बारीक? डबल डायमध्ये एकावर एक दोन अक्षरं असतात, म्हणून अक्षर जाड दिसतं. यांत्रिक प्रकारात अक्षराचाच काही भाग चेपून पायरी बनते, म्हणून उरलेलं अक्षर बारीक होतं.

३. टोकं पाहा. डबल डायमध्ये अक्षरांच्या टोकांना बहुतेक वेळा दुभंग दिसतो, दोन टोकांमध्ये बारीक खाच असते. यांत्रिक प्रकारात अशी खाच नसते.

४. टांकसाळीचं अक्षर पाहा. १९६९ च्या पेनीसाठी ही कसोटी सगळ्यात उपयोगी आहे. तेव्हा ‘एस’ हे अक्षर हबवर नसे. डाय तयार झाल्यावर ते वेगळ्या पंचने ठोकत. म्हणून खऱ्या डबल डायवर साल आणि ‘लिबर्टी’ दुहेरी, पण ‘एस’ एकेरी. साल आणि ‘एस’ दोन्हींच्या एकाच बाजूला सपाट पायरी दिसली, तर डाय हलली होती असं समजा. ही कसोटी १९८९ पर्यंतच्या पेनींनाच लावा.

१९५५ ची गोष्ट
सगळ्यात प्रसिद्ध डबल डाय १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत तयार झाली. चूक लक्षात आली तोवर हजारो सदोष पेनी लाखो चांगल्या पेनींमध्ये मिसळल्या होत्या. त्या वेगळ्या करत न बसता टांकसाळीने सगळ्याच बाहेर जाऊ दिल्या. त्यातल्या बऱ्याच लोकांना सिगारेटच्या पाकिटांत मिळाल्या! यंत्रात २५ सेंट टाकायचे, पाकिटाची किंमत २३ सेंट. म्हणून सुटे २ सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टणातच ठेवलेले असत. या पेनीवरचं दुहेरी साल भिंगाशिवायही दिसतं. आज तिला हजार डॉलर किंवा जास्तही मिळतात.

पण त्याच सालच्या काही पेनींवर फक्त शेवटचा ५ दुहेरी भासतो. तो झिजलेल्या डायमुळे तसा दिसतो. या पेनीला गंमतीने ‘गरिबाची डबल डाय’ म्हणतात आणि तिची किंमत फार तर काही डॉलर. साल तेच, नावही जवळजवळ तेच. म्हणून पैसे देण्याआधी टोपणनाव ऐकू नका, अक्षरं पाहा.

तुमच्या हातात आता काय आहे?
नाणं घासू नका, धुऊ नका. चमक आली तरी किंमत जाते. खात्रीच्या नाण्याच्या फोटोशेजारी आपलं नाणं ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. चारही कसोट्यांना उतरलं, तरच फी भरून तज्ज्ञांकडे पाठवा, कारण १९५५ आणि १९६९ च्या या पेनींची नकली नाणीही निघालेली आहेत. आणि नाणं यांत्रिक प्रकारातलं निघालं, तर विकताना तसंच सांगा. समोरच्याच्याही छातीत तुमच्यासारखीच धडधड होत असते.

शब्दार्थ
टांकसाळ – नाणी पाडण्याची सरकारी जागा
ठसा – ज्याने छाप उमटते ती वस्तू
उठाव – पृष्ठभागापेक्षा वर आलेला भाग
दुभंग – एकाचे दोन भाग होणं
कसोटी – खरंखोटं ठरवण्याची परीक्षा
ताडून पाहणे – एकमेकांशी जुळवून पाहणे

स्वाध्याय
अ) ही नाणी कोणत्या प्रकारची? कारण सांगा.
१. १९६९ ची पेनी. साल आणि ‘एस’ दोन्हींच्या उजवीकडे सपाट पायरी आहे.
२. १९६९ ची पेनी. साल जाड, ‘लिबर्टी’च्या टोकांना खाचा, ‘एस’ एकेरी.
३. १९५५ ची पेनी. फक्त शेवटचा ५ अस्पष्ट दुहेरी.

आ) हब आणि डाय यांतला फरक तुमच्या शब्दांत तीन वाक्यांत लिहा.

इ) बोला : मित्राने आनंदाने दाखवलेली पेनी यांत्रिक प्रकारातली आहे. त्याला वाईट वाटू न देता, पण खरं तेच, कसं सांगाल?