कॉलबॅक नेमका कोण चालवतो? करंजाच्या बोटींवरून थ्रेडचा पाठ



जावा शिकवताना थ्रेडपर्यंत मुलं ठीक येतात, अडतात ती कॉलबॅकपाशी. आपल्या उरणच्या मुलांना मात्र करंजा बंदर पुरतं. बोट समुद्रात गेली की मालक धक्क्यावर बसून राहत नाही, बाकीची कामं उरकतो. तो आपला मुख्य थ्रेड आणि प्रत्येक बोट हा वेगळा थ्रेड. बोट निघताना तो तांडेलाला चिठ्ठी देतो, "परत आलास की वहीतल्या आकड्यात एक मिळव." ही चिठ्ठी म्हणजे कॉलबॅक. ऑब्जेक्टच्या भाषेत, एका मेथडचा इंटरफेस. ती मेथड लिहिलेला ऑब्जेक्ट थ्रेडच्या हवाली करायचा.

आता वर्गाला विचारा : चिठ्ठी लिहिली मालकाने, पण पाळणार कोण? बहुतेक मुलं "मालक" म्हणतात. नाही, तांडेल! मेथड कुठल्याही क्लासमध्ये लिहिलेली असो, जो थ्रेड तिला बोलावतो त्याच्यावरच ती चालते.

मीही इथेच फसलो होतो. हजेरी मोजणारा प्रोग्राम घरी चार नावांवर अगदी बरोबर चालला. शाळेत सगळ्या तुकड्यांच्या याद्या दिल्या, तर एकूण आकडा दर वेळी वेगळा!

का, ते फळ्यावर दाखवा. १० लिहा. दोन मुलांनी एकदमच तो वाचायचा, मनात एक मिळवायचा आणि उत्तर लिहायचं. दोघंही ११ लिहितात. बोटी आल्या दोन, मोजली गेली एकच. 'काउंट++' दिसतं एक काम, पण आहेत तीन : वाचणं, मिळवणं, लिहिणं.

उपाय म्हणून एकच खडू ठेवा. खडू हातात असेल त्यानेच फळ्याकडे पाहायचं. मुलं हमखास आधी आकडा वाचतात, मग खडू घेतात, पुन्हा ११! वाचण्याआधीपासून लिहून होईपर्यंत खडू हातात हवा, आणि सगळ्यांसाठी तोच एक. जावात हे काम 'सिंक्रोनाइज्ड' करतं.

स्विंगमध्ये स्क्रीनवरचं लेबल बदलायचं असेल तर खडूही पुरत नाही. तिथे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडनेच हात लावायचा. म्हणून 'इन्व्होकलेटर' वापरून चिठ्ठी त्याच्या पेटीत टाकायची, तो आपल्या क्रमाने उघडतो.

गृहपाठ : दोन थ्रेड, प्रत्येकाने एकाच काउंटमध्ये १,००,००० वेळा एक मिळवायचा. आधी सिंक्रोनाइज्डशिवाय पाच-सहा वेळा चालवा, मग त्याच्यासह. २,००,००० कधी येतात ते वहीत लिहा. पालकहो, प्रोग्रामिंग येत नसेल तरी मुलांना एवढं जरूर विचारा : "ही मेथड आत्ता कोणता थ्रेड चालवतोय?" उत्तर अंदाजाने नको, मेथडच्या पहिल्याच ओळीत थ्रेडचं नाव छापून दाखवायला सांगा.