आधी गिऱ्हाइकाची शंका मिटव

पोरी, घरची आमसुलं आणि आगळ ऑनलाइन विकायचं ठरवलंस, फार बरं केलंस. दुकान देखणं हवं, पण खर्च परवडत नाही म्हणालीस. फुकटच्या साधनांत ते नक्की होतं. फक्त एक गोष्ट मनाशी धर. बाजारात गिऱ्हाईक आमसूल चिमटीत दाबून बघतं, नाकाशी नेतं, मगच भाव विचारतं. फोनवर त्याला यातलं काहीच करता येत नाही. ते काम तुझ्या फोटोंनी आणि चार ओळींनी करायचं. सजावट त्यानंतर.

फोटो खिडकीशी काढ. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ पाट मांड, थेट ऊन टाळ. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डपेपर उभा कर, सावली मऊ पडते. ट्यूब बंद ठेव. दोन उजेड मिसळले की रंग बिघडतो. प्रत्येक मालाचे चार फोटो घे: पाकीट समोरून, माल तळहातावर, मागचं लेबल आणि शेवटी तयार पदार्थ. स्नॅपसीड हे ॲप फुकट आहे. त्यात फोटो चौकोनी काप, थोडा उजळ कर, पण रंग भडक करू नको. आमसूल काळपट जांभळंच असतं. फोटोत लालभडक दिसलं आणि घरी काळपट पोचलं, तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

रंग दोन, फॉन्ट एक. बॅनर आणि भावपत्रक कॅनव्हावर फुकट होतं. मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं विकतची असतात, ती सोड. आमसुलाचा जांभळा आणि सोलकढीचा फिका गुलाबी एवढे दोन रंग पुरेत. अक्षरं नेहमी फिक्यावर गडद. फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर ‘मुक्ता’ बघ. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला आहे, फुकट आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो.

वर्णनात शंका मिटव. ‘अस्सल, घरगुती, चविष्ट’ सगळेच लिहितात. तू लिही: आगळात मीठ आहे, साखर नाही, ते सोलकढीसाठी. सरबताच्या पाकात साखर आहे. तो पाण्यात घालून प्यायचा. शहरातली माणसं इथेच चुकतात आणि आगळ पाण्यात घालून तोंड वाकडं करतात. पुढे वजन, किंमत, किती दिवस टिकतं आणि पोस्टेज किती, हे सगळं पैसे मागण्याआधीच दिसू दे.

लेबल कायद्यानं पुरं असू दे. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, घटक आणि संपर्क हवाच. फोटोत हे स्पष्ट वाचता आलं की अनोळखी माणसाचा विश्वास बसतो.

आधी छोटं दुकान मांड. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे. त्यात 500 वस्तू मावतात, पण तू आठच ठेव आणि सर्वांत जास्त खपणारी वर ठेव. प्रत्येक वस्तूची लिंक वेगळी पाठवता येते. नेहमीच्या प्रश्नांना क्विक रिप्लाय लिहून ठेव आणि ‘पैसे बाकी’, ‘पार्सल गेलं’ अशी लेबलं लाव, म्हणजे ऑर्डरींत गोंधळ होत नाही.

वेबसाइट जम बसल्यावर. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स फुकट मिळतात, पण होस्टिंग आणि डोमेन यांना दरवर्षी पैसे लागतात. डोमेन स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या ईमेलवरच घे. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावानं राहिलं, तर उद्या दुकान त्याच्या हातात. फोटो स्क्वूश या साइटवर हलके कर. फोनमधला तीन-चार एमबीचा फोटो दोनशे केबीपर्यंत उतरतो आणि रेंज कमी असली तरी लवकर उघडतो.

सगळं झालं की शेजारच्या एखाद्या काकूंच्या हातात फोन दे आणि ‘एक पाकीट मागवा’ एवढंच सांग. मधे बोलू नको. त्यांचं बोट जिथे अडेल, तिथे दुरुस्ती कर. माल संपला की त्याच दिवशी ‘संपला’ लिही. पैसे घेऊन वाट बघायला लावलेलं गिऱ्हाईक कुठल्याही सजावटीनं परत येत नाही. या आठवड्यात फक्त फोटो काढ आणि मला पाठव. ते जमले की पुढचं बोलू.