बदलीला बरोबर निघतील तेवढेच

पोरी, क्वार्टर मिळालं, तेही कामठीला. पैनगंगा ओलांडली की पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी, नागपूर आणि लगेच पुढं कामठी. आपल्या आदिलाबादेत छावणी नाही, म्हणून फौजी लाइनीत जनावरं कशी सांभाळायची हे इथं तुला कुणी सांगणार नाही. तुझ्या मामांची उमर फौजेत गेली, मी त्यांच्यामागं क्वार्टरं बदलत फिरले, म्हणून मी सांगते. दोन कुत्री, एक भाटी मांजर आणि पिंजऱ्यातला मिठू असा सगळा गोतावळा न्यायचा म्हणतेस. कुत्री ने, भाटी ने. मिठूचं पुढं सांगते.

जनावरं जाताना मोजायची

क्वार्टरमध्ये आलीस की दोन खोल्यांत किती मावतील हे बघू नकोस. आज जावईबापू घरी आहेत, उद्या फील्डला जातील. आज कामठी, पुढं पठाणकोट नाही तर जोरहाट. त्या दिवशी एका हातात लेकरू धरून दुसऱ्या हातात तुला एकटीला जेवढे पट्टे पेलतील, तेवढीच कुत्री तुझी. त्याच्यावरची मागं राहतात. मेसच्या खरकट्यावर जगणारं, गळ्यात जुना पट्टा असलेलं एखादं कुत्रं छावणीत दिसलं की समज, कुणाची तरी बदली झाली. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी मनाला लागतं ते वेगळंच.

सामान हलवण्याआधी विचारायचं

प्रत्येक स्टेशनचे आपापले हुकूम असतात. एका ठिकाणी चालतं ते दुसरीकडं चालेलच असं नाही. किती जनावरं ठेवता येतात, नोंद कुठं करायची, लसीचा कागद लागतो का, हे जावईबापूंना युनिटमध्ये आणि स्टेशन हेडक्वार्टरला आधी विचारायला लाव. उत्तर तोंडी मिळालं तरी अर्ज लेखी दे आणि त्याची प्रत ठेव. हुकूम देणारे साहेब बदलतात, कागद राहतो.

शहरातल्या सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक आहे. ते कुणीतरी तुला मोबाइलवर पाठवेल. ते घेऊन गार्डरूमवर भांडायला जाऊ नकोस. क्वार्टर आपल्या मालकीचं नाही, नोकरीबरोबर मिळालेलं आहे. अमेरिकेच्या लष्करानंसुद्धा २००९ मध्ये आपल्या वसाहतींत घरटी दोनच कुत्री-मांजरं असा नियम केला आणि पिटबुल, रॉटवायलरसारख्या जातींना दार बंद केलं. फौज कुठलीही असो, लाइनीतलं घर हुकमाखालीच असतं.

मार्चिंग इनच्या दिवशी डोळे उघडे ठेव

क्वार्टर ताब्यात घेताना एमईएसवाले, म्हणजे फौजेच्या बांधकाम खात्याची माणसं, यादीवर सही घेतात. सही करण्याआधी जाळीची दारं, खिडक्यांची तावदानं, दारांचे खालचे कोपरे, न्हाणीतली फरशी, सगळं बघ आणि फाटलेलं-तुटलेलं लिहायला लाव. तारखेसकट फोटो काढून ठेव. आधीच्या माणसाच्या कुत्र्यानं ओरबाडलेलं दार क्वार्टर सोडताना, मार्चिंग आउटच्या वेळी, तुझ्या नावावर चढतं आणि भरपाई पगारातून कापली जाते.

भाटी जाळीच्या दारावर चढणारच. दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून जाड प्लास्टिकची पत्री बांध, खिळा ठोकू नकोस. नखं घासायला तिला सुतळी गुंडाळलेला लाकडी ओंडका दे. कुत्रा दार ओरबाडतो ते बहुतेक एकटं राहिल्यामुळं, त्याला मारून काही होत नाही. बाहेर जायच्या आधी त्याला दमवून आण.

मिठू न्यायचा नाही

आपल्याकडं घरोघर पोपट असतो, म्हणून तो चालतो असं सगळ्यांना वाटतं. चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला हिरवा पोपट पाळायला बंदी आहे. तारांकित कासव आणि रानातला ससाही त्यातच. गावात कुणी बोलत नाही, पण छावणीत एक तक्रार झाली तर उत्तर जावईबापूंना द्यावं लागेल.

म्हणून पिंजरा उघडून त्याला उडवूही नकोस. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला पोपट बाहेर कावळ्यांच्या आणि मांजरांच्या तावडीत सापडतो. आदिलाबादच्या वन खात्याच्या कचेरीत नेऊन दे. पाखरांशिवाय करमतच नसेल तर बजरीची जोडी घे, ती चालते. पण पिंजरा भाटीचा पंजा पोचणार नाही असा टांग.

दोन कुत्री, एक मांजर, भांडी तीन

एकापेक्षा जास्त जनावरं असली की बहुतेक भांडणं ताटावरून होतात. प्रत्येकाचं भांडं वेगळं, जागा वेगळी, वेळ एकच. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं उचलून टाक. भाटीचं भांडं उंचावर, कुत्र्यांचं तोंड जाणार नाही तिथं. तिची वाळूची पाटी न्हाणीच्या कोपऱ्यात ठेव आणि रोज साफ कर, नाही तर पहिला वास जिन्यातल्या शेजारणीला येतो.

नवीन घरात तिघांना एकदम मोकळं सोडू नकोस. पहिले काही दिवस भाटीला एका खोलीत ठेव. कुत्र्यांच्या अंथरुणाचा तुकडा तिच्याकडं आणि तिच्याखालचं फडकं कुत्र्यांकडं दे. वासाची ओळख झाली की दाराच्या फटीतून बघू दे, मग कुत्र्याला पट्ट्यात धरून समोर आण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं जे औषध मिळतं, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. ते मांजराला विष आहे. कुत्र्याला लावलं आणि भाटी त्याच्या कुशीत झोपली, तरी ती झटके येऊन मरू शकते. दुकानात डबी घेताना घरात मांजर आहे हे आधी सांग. तसंच पॅरासिटामॉल. आपल्याला ताप आला की जी गोळी घेतो, ती मांजराचा जीव घेते. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांपासून लांब. डॉक्टरला विचारून तिघांचीही नसबंदी करून घे. क्वार्टरमध्ये पिल्लं झाली तर ती कुठं जाणार, हा प्रश्नच उरत नाही.

छावणीचं घड्याळ

पहाटे जवान पीटीला पळतात. पळणारी माणसं दिसली की चांगलं शिकलेलं कुत्रंही मागं धावतं. म्हणून त्यांच्या आधी फिरवून आण, नाही तर ते परतल्यावर ने. पट्टा हातात, कधीच मोकळं नाही. शाळेची बस थांबते तिथून आणि परेड ग्राउंडवरून तर मुळीच नेऊ नकोस. घाण उचलायला जुनं वर्तमानपत्र आणि पिशवी बरोबर ठेव. लाइनीत तुझं नाव चांगलं राहतं ते याच गोष्टीनं.

फायरिंग रेंजचा आवाज आणि दिवाळीचे फटाके यांना कुत्री भितात. त्या वेळी खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेव, पंखा किंवा रेडिओ चालू ठेव. जवळ घेऊन बसलीस तरी चालेल, पण दार उघडं नको. भेदरलेलं कुत्रं धूम ठोकतं आणि छावणी मोठी असते.

छावणीत कुणाच्या तरी घरी मुधोळ कुत्रा बघशील आणि तुलाही हवासा वाटेल. फौजेनं २०१६ मध्ये बागलकोटजवळच्या तिम्मापूरच्या केंद्रातून ते घेतले आणि मेरठच्या आरव्हीसी, म्हणजे फौजेच्या पशुवैद्यक दलाच्या, सेंटरला शिकवायला नेले, हे खरं. पण तो पळायला जन्मलेला कुत्रा आहे, दोन खोल्यांत बांधला तर घर कुरतडतो.

उन्हाळा

कामठीचा मे महिना आपल्या आदिलाबादसारखाच, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बघ. तुला सहन होत नसेल तर त्यांच्या पंजांनाही होत नाही. पाणी दोन-तीन ठिकाणी मातीच्या भांड्यात ठेव, भिजवलेलं गोणपाट अंथर. धापा थांबत नसतील, लाळ गळत असेल, तोल जात असेल तर पाय आणि पोट साध्या पाण्यानं भिजव, पंख्याखाली घे आणि तसंच दवाखान्यात पळ. बर्फाचं पाणी नको.

कूलरच्या टाकीतलं पाणी पिऊ देऊ नकोस. तिथं करंट उतरतो आणि ओल्या नाकाच्या जनावराला तो आधी बसतो. वायरी भिंतीला वर बांधून घे.

कागदांची एक पिशवी

प्रत्येकाचं लसीचं पुस्तक वेगळं, पिशवी एकच. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला, चुकवायची नाही. भाटीलाही, ती घरातच असली तरी. मोठ्यांना जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. आरव्हीसीचे डॉक्टर फौजेच्या कुत्र्या-घोड्यांसाठी असतात, आपल्या जनावरांसाठी बाहेरचा दवाखाना माहीत असू दे. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे. पहिल्याच आठवड्यात जाऊन रस्ता बघून ये.

कुणाला चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. मग लगेच फौजी इस्पितळात, एमएचला. हळद-मिरची काही लावायची नाही. शेजारच्या लेकराला लागलं असेल तर तू स्वतः बरोबर जा आणि लसीचं पुस्तक घेऊन जा.

जावईबापू फील्डला गेले की

तू एकटी राहशील, तेव्हा आजारी पडलीस तर तिघांना कोण बघणार हे आत्ताच ठरव. लाइनीतल्या दोन घरांशी तसं बोलून ठेव. कुणाला किती, केव्हा, कुठली गोळी, डॉक्टरचा नंबर, हे एका कागदावर लिहून आत दारामागं चिकटव. त्यांच्या सुट्टीत तू त्यांची जनावरं सांभाळ, तुझ्या सुट्टीत ती तुझी सांभाळतील. किल्ली कुणाकडं आहे हे जावईबापूंनाही माहीत असू दे.

रेल्वेत कुत्रं बरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावा लागतो. नाही तर पार्सल ऑफिसात नोंदवून गार्डच्या डब्यातल्या पेटीत. मे महिन्यात त्या पेटीत घालू नकोस. सामानाच्या ट्रकात तर कधीच नाही. बदली उन्हाळ्यातच आली तर पहाटे निघणारी मोटार बघ, पैसे लागले तरी.

माहेर आहे म्हणून सगळी इकडं पाठवू नकोस. एखादं म्हातारं झालं, प्रवास झेपेना, तर दादाकडं ठेवू, मी आहे. पण पैनगंगेच्या काठच्या शेतावर रात्री बांधायचं नाही. तिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून भीमपूरकडं येतात, बिबट्याही फिरतो, आणि साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही.

नाही म्हणायला शीक

बदलीच्या महिन्यात लाइनीत दारं वाजतात. कुणी पिल्लू घेऊन येईल, कुणी आपलं म्हातारं मांजर. हात जोडतील, लेकरं रडतील. तू आत घेऊ नकोस. पण दार लावूनही घेऊ नकोस. चहा दे आणि कागद-पेन घेऊन बस. लसीचं पुस्तक आहे का बघ. गावी कोण आहे, गाडी केव्हाची, कूपे बघितला का, विचार. युनिटमध्ये, बाजारात, डॉक्टरकडं मिळून चार फोन कर. बहुतेक वेळा त्या जनावराला नवं घर लागत नसतं, त्याच्या माणसांना बरोबर न्यायची वाट दाखवणारं कुणीतरी लागत असतं. ती वाट तुला माहीत झाली की तुझ्या तिघांचीही काळजी मिटली, कारण तुमच्याही बदलीचा हुकूम यायचाच आहे.