उज्जैनमध्ये आकडे आणि मुलाखती एकत्र आणताना: काय करावे, काय टाळावे

उज्जैनच्या यात्रा, घाट, नदी आणि वस्त्यांवर संमिश्र पद्धतीने काम करणाऱ्या संशोधकांसाठी. दोन्ही याद्यांतला एकाच क्रमांकाचा नियम एकाच कामाविषयी आहे, जोडीने वाचा.

काय करावे

*प्रश्न आणि आराखडा*

१. एकच संशोधनप्रश्न लिहा आणि त्यातले काय आकडे सांगतील, काय माणसे सांगतील, ते त्याच कागदावर वेगळे करा.

२. दोन्ही पद्धती कशासाठी हव्यात ते ठरवा: पडताळा, पूरक माहिती, पुढच्या टप्प्याची तयारी, विसंगतीचा शोध की आवाका वाढवणे, जेनिफर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही पाच कारणे आजही पुरतात.

३. क्रम पक्का करा: सर्वेक्षण आणि मुलाखती सोबत, आधी सर्वेक्षण मग मुलाखती, की आधी मुलाखती मग सर्वेक्षण.

४. दोन्ही प्रकारची माहिती कुठे एकत्र येणार ते क्षेत्रकामाआधी लिहून ठेवा: नमुना निवडताना, प्रश्न घडवताना, विश्लेषणात की निष्कर्षात.

५. रिकामा जोडतक्ता आधीच आखा: एका रकान्यात मुद्दा, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात मुलाखतीतले म्हणणे, चौथ्यात दोन्हींचा मिळून अर्थ.

६. गुणात्मक भागाला स्वतंत्र माणूस, वेळ आणि पैसा द्या.

*नमुना*

७. दोन्ही नमुने वेगवेगळ्या तर्काने निवडा. सर्वेक्षणाला यादृच्छिक निवड लागते, मुलाखतीला तो अनुभव घेतलेली माणसे.

८. सर्वेक्षण आधी झाले असेल तर मुलाखतीची माणसे त्याच्याच निकालातून काढा: सर्वांत समाधानी, सर्वांत नाराज आणि कुठल्याच गटात न बसणारी.

९. महाकाल मंदिराबाहेर वेळेनुसार थर पाडा: पहाटेच्या भस्म आरतीचे, दुपारच्या दर्शनाचे आणि संध्याकाळी मंदिरालगतचा महाकाल लोक परिसर पाहायला आलेले.

१०. यात्रेकरूंसोबत रहिवासीही घ्या. पंडे, फुलवाले, नावाडी, ई-रिक्षावाले आणि घाटालगतची घरे वर्षभर इथेच असतात.

११. लोकसंख्येच्या आकड्याशेजारी वर्ष लिहा. उज्जैन शहराचा ५,१५,२१५ हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे.

*प्रश्नावली आणि मुलाखत*

१२. प्रश्नावलीतले पर्याय आधीच्या मोकळ्या मुलाखतींतून घ्या. रांगेतला माणूस सावली, पाणी, चपलांची जागा आणि चुकामूक यांविषयी बोलतो.

१३. उत्तर देणाऱ्याच्या भाषेत बोला: शहरात हिंदी, मराठी घरांत मराठी, आणि घट्टिया, तराना, महिदपूरच्या खेड्यांत माळवी बोलणारा सहकारी सोबत.

१४. तिथीबरोबर इंग्रजी तारीखही नोंदवा; उज्जैनचे पंचांग पौर्णिमान्त असल्याने तिथला श्रावण महाराष्ट्रापेक्षा पंधरवडा आधी लागतो.

१५. एकच बाब दोन्हीकडे विचारा: सर्वेक्षणात ‘घाटावर सुरक्षित वाटले का’ असेल, तर मुलाखतीत ‘कुठे जपून पाऊल टाकले’ हे विचारा.

१६. लोक ज्या विषयावर बोलत नाहीत तिथे तपासणी आणि ऐकणे दोन्ही करा, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या १९८९ च्या गडचिरोलीतील अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले.

१७. प्रश्नावली आणि मुलाखतीची रूपरेषा यांची पूर्वचाचणी एकत्र घ्या, एकदा साध्या दिवशी आणि एकदा गर्दीच्या सोमवारी.

*घाट, नदी, मेळा*

१८. पाण्याचा नमुना आणि मुलाखत एकाच घाटावर, एकाच दिवशी घ्या. त्रिवेणी, रामघाट, मंगलनाथ आणि सिद्धवट स्वतंत्र मोजा.

१९. पाण्याचे निकाल स्नानाच्या निकषाशी ताडा: लिटरमागे विद्राव्य ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म जास्तीत जास्त ५००.

२०. आवाज डेसिबलमध्ये मोजा आणि तो कसा वाटला तेही विचारा; प्रयागच्या माघ मेळ्यावरील अभ्यासांत मेळ्याचा गोंगाट कल्पवासींना, म्हणजे महिनाभर तिथे राहणाऱ्या यात्रेकरूंना, सुखावह वाटल्याचे दिसले.

२१. सिंहस्थाच्या आधी, सिंहस्थात आणि नंतर अशी तीनदा मोजणी करा. २०२८ ची पायाभूत मोजणी मेळा भरण्यापूर्वीच झाली पाहिजे.

२२. नाशिकच्या सिंहस्थाशी तुलना करायची असेल तर समान प्रश्नांचा एक संच दोन्हीकडे ठेवा आणि स्थानिक प्रश्न वेगळ्या भागात घाला.

*नोंदी आणि संकेतन*

२३. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्या आणि तोच प्रश्नावली, ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन या तिन्हींवर टाका.

२४. शब्दांकन मूळ भाषेत ठेवा, अनुवाद त्याच्या शेजारी लिहा.

२५. संकेतन दोघांनी स्वतंत्रपणे करा, मग मतभेदाची प्रत्येक जागा बसून सोडवा.

२६. मुलाखतींतल्या संकेतांचे आकडे करायचे असतील तर ते कोणत्या नियमाने केले ते लिहा.

*जुळवणी*

२७. आधी दोन्ही बाजूंचे विश्लेषण आपापल्या रीतीने पूर्ण करा, मग एकत्र आणा.

२८. जोडतक्त्याची प्रत्येक ओळ शेवटपर्यंत भरा: रांगेत गेलेला वेळ, त्याविषयीचे समाधान, ‘भजन चालू होते, वेळ कळला नाही’ यासारखे म्हणणे, आणि त्यावरून निघणारा अर्थ.

२९. प्रत्येक ओळीला शेरा द्या: जुळते, भर घालते, विरोधात जाते, की एक बाजू गप्प आहे.

३०. एक धागा धरून दोन्हीकडे फिरा: मुलाखतीत वर आलेली बाब आकड्यांत शोधा, आकड्यांत न उलगडलेली बाब मुलाखतींत शोधा.

३१. दोन्ही बाजू भांडल्या की आधी मोजमाप, नमुना, वेळ आणि प्रश्नाची रचना तपासा. मग पुन्हा माणसांकडे जा.

*माणसे*

३२. संमती दोनदा घ्या: एकदा प्रश्नावलीसाठी, पुन्हा मुलाखत आणि ध्वनिमुद्रणासाठी.

३३. मुलाखत दर्शन झाल्यावर, सावलीत बसून घ्या; घाईत ‘सब ठीक है’ याहून अधिक उत्तर मिळत नाही.

३४. आकड्यांचा तक्ता आणि मुलाखतीतले उद्धृत शेजारी ठेवून वाचा. एकत्र वाचल्यावर ओळख पटत असेल तर तपशील गाळा.

*लेखन*

३५. निष्कर्ष तीन भागांत द्या: आकडे काय सांगतात, मुलाखती काय सांगतात, आणि दोन्ही एकत्र ठेवल्यावरच काय कळते.

३६. कोणता निष्कर्ष किती माणसांना लागू होतो ते त्या निष्कर्षाच्याच परिच्छेदात लिहा.

३७. मसुदा उज्जैनला परत न्या, माहिती देणाऱ्यांना वाचून दाखवा आणि त्यांचे आक्षेप अहवालात घाला.

काय टाळावे

*प्रश्न आणि आराखडा*

१. हाताशी दोन प्रकारची माहिती आहे म्हणून मागाहून प्रश्न बेतू नका.

२. ‘अधिक सखोल अभ्यासासाठी’ एवढ्या कारणावर संमिश्र पद्धत निवडू नका. एका पद्धतीने भागत असेल तर एकीवरच थांबा.

३. निधी संपत आला म्हणून मध्येच क्रम बदलू नका; बदलावाच लागला तर तारीख आणि कारण नोंदवा.

४. जुळवणी शेवटच्या महिन्यावर टाकू नका. तोवर दोन्हीकडचे प्रश्न एकमेकांपासून लांब गेलेले असतात.

५. जोडतक्त्याला अहवालाची सजावट समजू नका. तो क्षेत्रकामात काय राहून गेले ते दाखवतो.

६. प्रश्नावलीच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का’ एवढी ओळ घालून त्याला गुणात्मक भाग म्हणू नका.

*नमुना*

७. मुलाखतींचा नमुना लहान म्हणून त्याला दोष देऊ नका आणि सर्वेक्षणाचा मोठा म्हणून त्याला निर्दोष मानू नका. सोयीने गोळा केलेली हजार उत्तरेही एकांगी असतात.

८. जो बोलका भेटला त्याचीच मुलाखत घेऊन थांबू नका. नाराज माणूस बहुधा आधीच निघून गेलेला असतो.

९. दर्शनार्थींच्या जुन्या-नव्या आकड्यांची सरळ रेघ ओढू नका. ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचे उद्घाटन झाले, तिथे आलेख तोडून दाखवा.

१०. रहिवाशांचे म्हणणे यात्रेकरूंच्या सरासरीत मिसळू नका. एकाची सोय दुसऱ्याची अडचण असू शकते.

११. फक्त २०११ च्या यादीवरून घरे निवडू नका. नंतर वसलेल्या वस्त्या त्यातून पूर्ण गळतात.

*प्रश्नावली आणि मुलाखत*

१२. दुसऱ्या शहरासाठी बनलेली मोजपट्टी फक्त अनुवाद करून वापरू नका. शब्द जुळले तरी अनुभव जुळतोच असे नाही.

१३. उज्जैनच्या मराठी घरांवरच भिस्त ठेवू नका; तुमच्याशी बोलणे त्यांना सोपे जाते, एवढ्याने ती शहराची प्रतिनिधी ठरत नाहीत.

१४. पंचक्रोशी यात्रेची वैशाख वद्य दशमी महाराष्ट्राच्या दिनदर्शिकेत शोधू नका. ती आपल्या चैत्र वद्यात येते आणि तुम्ही महिनाभर उशिरा पोहोचाल.

१५. सर्वेक्षणातला प्रश्न मुलाखतीत तसाच उच्चारू नका. उत्तरही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येईल.

१६. दवाखान्याच्या रजिस्टरवरून गरज मोजू नका. गडचिरोलीच्या त्याच अभ्यासात आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या.

१७. पूर्वचाचणीतली उत्तरे मुख्य अभ्यासात मिसळू नका. प्रश्न बदलले की ती तुलनेची राहत नाहीत.

*घाट, नदी, मेळा*

१८. रामघाटाच्या पाण्याचा अहवाल त्रिवेणीच्या तक्रारीला जोडू नका. इंदूरकडून येणारी कान्ह नदी त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते, त्यामुळे दोन्हीकडचे पाणी सारखे धरता येत नाही.

१९. निकष ओलांडला म्हणून स्नान करणाऱ्याला अडाणी ठरवू नका; श्रद्धा प्रयोगशाळेत मोजलेली नाही, ती मुलाखतीतून समजून घ्या.

२०. कष्ट दिसले की असमाधान गृहीत धरू नका. माघ मेळ्यावरील २०१२ च्या अभ्यासात महिनाभर राहिलेल्या ४१६ यात्रेकरूंचे स्वास्थ्य, न गेलेल्या १२७ जणांच्या तुलनेत, त्यांच्याच सांगण्यानुसार सुधारले होते.

२१. २२ एप्रिल ते २१ मे २०१६ च्या सिंहस्थाच्या आज सांगितलेल्या आठवणी त्या वेळच्या मोजणीच्या जागी वापरू नका. इतक्या वर्षांत आठवण बदलते.

२२. नाशिकची प्रश्नावली जशीच्या तशी लावू नका; तिकडे वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी स्नान करतात, इथे सर्व आखाडे क्षिप्रेवर.

*नोंदी आणि संकेतन*

२३. नाव, गाव किंवा मोबाइल क्रमांकावरून जुळवणी करू नका. चुका होतात आणि ओळखही उघडी पडते.

२४. माळवी बोलण्याचे थेट मराठी करून मूळ पुसू नका. शंका आली तर पडताळायला काही उरत नाही.

२५. दोघांचे संकेतन जुळले म्हणजे अर्थ बरोबर लागला असे मानू नका. दोघांचा पूर्वग्रहही एकच असू शकतो.

२६. पंधरा-वीस मुलाखतींची टक्केवारी काढू नका. इतक्यांपैकी इतके, असे सरळ लिहा.

*जुळवणी*

२७. मुलाखती वाचल्यावर आकड्यांचे गट पुन्हा पुन्हा पाडू नका. हवे ते दिसेपर्यंत हात थांबत नाही.

२८. अर्थाचा रकाना कोरा सोडू नका. त्याशिवाय माहिती नुसती शेजारी ठेवलेली राहते.

२९. गप्प बाजूला होकार समजू नका. न विचारलेल्या गोष्टीचे उत्तर मिळत नाही.

३०. आकड्याला शोभेल तेवढेच वाक्य उचलून चिकटवू नका. उलट बोललेली माणसेही त्याच पानावर आणा.

३१. विसंगती झाकू नका आणि सरासरी काढून बोथटही करू नका. एका पद्धतीला न दिसलेली गोष्ट तिथेच हाती लागते.

*माणसे*

३२. रांगेत अडकलेल्या माणसाचा होकार संमती मानू नका. त्याला उठून जायला वाट नसते.

३३. सिद्धवटावर पिंडदान किंवा चक्रतीर्थावर अंत्यविधी चालू असताना कोणाला प्रश्न विचारू नका, प्रश्न कितीही छोटा असो.

३४. ‘रामघाटावरचे सत्तरीचे मराठी पुरोहित’ असे वर्णन छापू नका. नाव गाळले तरी शहर त्यांना ओळखते.

*लेखन*

३५. दोन सुटी प्रकरणे लिहून ‘दोन्ही निष्कर्ष परस्परपूरक आहेत’ या वाक्यावर सुटका करून घेऊ नका.

३६. वीस मुलाखतींचा निष्कर्ष १९,८६,८६४ लोकसंख्येच्या जिल्ह्यावर पसरवू नका. हा जिल्ह्याचा आकडाही २०११ चा आहे.

३७. अहवाल इंग्रजीत छापून निघून जाऊ नका. ज्यांनी वेळ दिला त्यांच्या हाती हिंदीतला सारांश पोहोचेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.