मुदपाकखान्यातले मूळ पुरुष

प्रश्न : आमचे मूळ पुरुष तिरुविडैमरुदूरला राजांच्या मुदपाकखान्यात आचारी होते, असं घरात सांगतात. शोध कुठून सुरू करू?
– एक वाचक, बंगळूर

उत्तर : घरातली ही आठवण मोलाची आहे. 1798 मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर झालेले अमरसिंहराजे तिरुविडैमरुदूरला राहिले. म्हणून आधी घरच्या पिढ्या मोजा. मूळ पुरुषाचा काळ या सुमाराला येतो का, ते पाहा.

मग तंजावर गाठा. सरस्वती महाल ग्रंथालय आणि तमिळ विद्यापीठ इथे दरबाराचे मोडी कागद आहेत. त्यांत खर्च, पगार, देणग्यांच्या नोंदी सापडतात. मोडी येत नसेल, तर जाणकाराला सोबत न्या. चेन्नईच्या तमिळनाडू अभिलेखागारात तंजावर जिल्ह्याची इंग्रजी दप्तरंही पाहा.

केवळ आडनावावर विसंबू नका. तिकडे नावाआधी गावाचं व वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. आडनावं अनेकदा गळतात. गोत्र, कुलदैवत, वडील-आजोबांची नावं हाताशी ठेवा. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही तपासा.

पण सर्वांत आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत.